ऑइल थंड झाले, कूलंट मात्र तापले

प्रश्न : माझ्याकडे दोन लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. मोठा टर्बो, पुढच्या बंपरमागे मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि रिमॅप (इंजिनच्या संगणकातली बदललेली आकडेमोड) एवढे काम तिच्यावर झाले आहे. पूर्वी ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत ऑइल १३८ अंश सेल्सिअसपर्यंत जायचे आणि त्या वेळी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) १०४ असायचे. म्हणून मी रेडिएटरच्या पुढे १९ ओळींचा ऑइल कूलर बसवला. त्याचे पाइप नेण्यासाठी गाडीखालचे प्लॅस्टिकचे आवरण काढावे लागले. शिवाय ८८ अंशांऐवजी ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) घातला. आता ट्रॅकवर ऑइल ११८ च्या वर जात नाही, पण कूलंट १११ ला पोहोचते आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ताकद कमी करतो. दोन्ही दिवशी हवा साधारण २६ अंश होती. रोजच्या रस्त्यावर मात्र ऑइल ७२ च्या पुढे सरकत नाही. मित्र म्हणतात, थर्मोस्टॅट काढूनच टाक. गॅरेजवाले दुप्पट जाडीचा रेडिएटर सुचवतात. २०डब्ल्यू-६० ऑइल घालण्याचाही विचार आहे. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे हवेचे २६ अंश. गाडी गरम होते अशी तक्रार करणारी बहुतेक पत्रे कूलंटचा आकडा देतात आणि बाहेर किती ऊन होते ते सांगत नाहीत, आणि मग त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. दुसरी मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे गाडीखालचे आवरण काढल्याची. त्याकडे पुढे येतोच.

आधी निदान सांगतो. तुमच्या ऑइलमधली उष्णता गाडीबाहेर गेली खरी, पण जाताना ती रेडिएटरच्या तोंडावरून गेली. पूर्वी ऑइल १३८ आणि कूलंट १०४ होते, आता ऑइल ११८ आणि कूलंट १११ आहे. एकाचे वीस अंश उतरले आणि दुसऱ्याचे सात चढले. या दोन आकड्यांचा परस्परसंबंध आहे, आणि तो कागदावर मांडून पाहता येतो.

हिशेबापुरते धरू की ऑइल कूलर ट्रॅकवर ८ किलोवॅट उष्णता हवेत सोडतो आणि रेडिएटरमधून दर सेकंदाला १.२ किलो हवा जाते. हवा एक अंशाने तापवायला किलोमागे साधारण एक किलोज्यूल लागतो, म्हणजे ती हवा रेडिएटरला शिवण्याआधीच सरासरी साडेसहा-सात अंशांनी तापलेली असते. रेडिएटरच्या दृष्टीने बाहेर २६ नव्हे, ३३ अंश आहेत. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना आणि गाडी त्याच पद्धतीने चालवली जात असताना, येणारी हवा जितकी तापते तितकेच कूलंटही वर जाते, कारण तीच उष्णता बाहेर टाकायला कूलंट आणि हवा यांच्यातला तोच फरक लागतो. तुमच्या कूलंटचे जादा सात अंश इथूनच आले असावेत. ८ किलोवॅट हा आकडा मी मोजलेला नाही, धरलेला आहे; पण २०० किलोवॅटच्या घरातल्या टर्बो इंजिनाला तो अवास्तव नाही. प्रत्यक्षात याच्या जोडीला कूलरच्या जाळीने अडवलेली हवाही असते, त्यामुळे परिणाम थोडा आणखी वाईट होतो.

हाच नियम उलटा लावला तर पुढच्या उन्हाळ्याचे भाकीत करता येते. आज हवा आणि कूलंट यांच्यात ८५ अंशांचा फरक आहे. हवा ३८ अंश असताना तुम्ही असेच चालवलेत, आणि ईसीयूने ताकद कमी केली नाही, तर कूलंट १२३ ला टेकेल. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्या भांड्यात १०७-१०८ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण एक बारपेक्षा थोडा अधिक दाब धरत असेल तर हा बिंदू १२९-१३० पर्यंत जातो. म्हणजे १२३ ला एकूण कूलंट उकळणार नाही, पण सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास धातू कितीतरी अधिक तापलेला असतो आणि तिथे वाफेचे बुडबुडे चिकटून राहू लागतात. वाफेखालचा धातू थंड होत नाही, ती जागा आणखी तापते, आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा इंजिनाला घातक असा अवेळी भडका, बहुधा अशाच ठिकाणाहून सुरू होते. ईसीयूने १११ ला ताकद कमी केली ते योग्यच केले. ती मर्यादा रिमॅपमधून वर सरकवून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे नकार द्या.

मात्र हाच हिशेब दिलासाही देतो. १११ वरून १०१ वर यायचे असेल, तर फरक ८५ वरून ७५ करायचा आहे. त्यासाठी रेडिएटरची कार्यक्षमता जेमतेम तेरा-चौदा टक्क्यांनी वाढायला हवी, दुप्पट नव्हे. जाड रेडिएटरचा विचार म्हणूनच मी सर्वांत शेवटी ठेवीन. जाड गाभ्यातून हवा ढकलायला अधिक दाब लागतो, आणि मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापवलेलीच हवा मिळते. ज्या गाडीत रेडिएटरपर्यंत हवा नीट पोहोचत नाही, तिथे जाडी दुप्पट करूनही थंडावा दुप्पट होत नाही, आणि उभ्या गाडीत पंख्याला ती जाळी ओढवेनाशी होते.

आता त्या आवरणाकडे येऊ. गाडीखालचे प्लॅस्टिक चिखल अडवण्यासाठी असते असा सार्वत्रिक समज आहे. चिखल ते अडवतेच, पण आधुनिक गाडीत ते हवेचा मार्गही ठरवते. रेडिएटरमधून हवा जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी असतो म्हणून. हवेला आत यायला जितकी वाट हवी, तितकीच बाहेर जायलाही हवी, आणि गाडी बनवणाऱ्यांनी ती वाट त्या आवरणाच्या मागच्या कडेपाशी, गाडीखालच्या कमी दाबाच्या पट्ट्यात ठेवलेली असते. आवरण काढले की बंपरखालून येणारी वेगवान हवा थेट इंजिनच्या कप्प्यात शिरते, तिथला दाब वाढतो आणि रेडिएटरच्या दोन बाजूंमधला फरक कमी होतो. पुढून पाहिले तर सर्व काही मोकळे दिसते. मागून कोंडी झालेली असते. तेव्हा पहिले काम म्हणजे ते आवरण परत बसवणे. पाइप आड येत असतील तर आवरणाला नेमकी तेवढीच भोके पाडा आणि भोवती रबराची कड लावा.

दुसरे काम एका रात्रीत होते. अंधार पडल्यावर बोनेट उघडा, इंजिनच्या बाजूने रेडिएटरच्या मागे एक चांगला दिवा ठेवा आणि समोर येऊन बंपरच्या जाळीपाशी गुडघ्यांवर बसा. गाभ्याच्या पत्र्यांमधून मंद, चाळणीतून गाळल्यासारखा उजेड येईल. पण रेडिएटरच्या वर, खाली, इंटरकूलरच्या टोकांना, बंपरच्या आतल्या कोपऱ्यांत कुठेतरी उजेडाच्या स्वच्छ पट्ट्या दिसतील. दिव्याचा उजेड जिथून असा सरळ येतो, तिथून हवाही सरळ जाते. जाळीतून घुसण्याचे कष्ट ती घेत नाही. मूळ गाडीत या जागा फोमच्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बुजवलेल्या असतात. इंटरकूलर बसवताना त्यांतल्या निम्म्या काढल्या जातात आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या खोक्यात पडून राहतात. बंद पेशींचा फोम, पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि कडेला रबर एवढ्यावर या फटी बुजवता येतात. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत गळती नसलेला बोगदा तयार झाला की तेरा-चौदा टक्क्यांपैकी मोठा वाटा इथेच भरून निघण्याची शक्यता आहे. हे काम स्वस्त आणि कंटाळवाणे आहे, म्हणून कोणी सुचवत नाही.

याच संदर्भात एक इशारा देतो. बोनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून त्याची मागची कड वर उचलण्याची फॅशन आहे. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे त्या फटीतून गरम हवा बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरू शकते. बोनेटला झडपा करायच्याच असतील तर त्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे असाव्यात. तिथे बोनेटवरचा दाब सहसा कमी असतो.

तिसरे काम ऑइल कूलरची जागा बदलण्याचे. इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर, ऑइल कूलर आणि रेडिएटर अशी चार जाळ्यांची चळत एकामागे एक उभी असेल, तर सर्वांत मागच्याच्या वाट्याला सर्वांत उष्ण आणि सर्वांत दमलेली हवा येते. ऑइल कूलर बंपरच्या एका कोपऱ्यात, पुढच्या चाकाच्या कमानीपुढे न्या. त्याला समोरून स्वतःचे तोंड द्या, तोंडापासून जाळीपर्यंत हळूहळू रुंदावणारी नळी द्या, आणि हे विसरू नका की जाळीच्या मागे चाकाच्या कमानीच्या अस्तरात हवा बाहेर जायला झडपा लागतात. त्या नसतील तर कूलर शोभेचा. जाळी शक्यतो अशी बसवा की ऑइलची दोन्ही टोके वर राहतील किंवा ऑइल खालून शिरून वरून निघेल. टोके खाली गेली तर वरच्या ओळींमध्ये हवा अडकून राहू शकते. पाइपांचा व्यास अरुंद ठेवू नका आणि ते जिथे पत्र्याला घासतील तिथे संरक्षक नळी चढवा. घासून फुटलेला ऑइलचा पाइप इंजिनाला काही सेकंदांचाच अवधी देतो.

ऑइलला पाण्यानेच थंड करणारा, म्हणजे ऑइल आणि कूलंट शेजारून नेणारा उष्णता विनिमयक का लावू नये, असे तुम्हाला कोणीतरी विचारेल. ती पद्धत उत्तम आहे. सकाळी कूलंट लवकर तापते आणि ऑइललाही तापवते, पुढे दोघांची तापमाने जवळजवळ ठेवते. पण ऑइलची सगळी उष्णता ती कूलंटच्या खात्यात टाकते, आणि तुमचे ते खाते आधीच ओढाताणीत आहे. रेडिएटरचा प्रश्न सुटेपर्यंत तो मार्ग तुमच्यासाठी नाही.

आता रस्त्यावरच्या ७२ अंशांविषयी, कारण ट्रॅकवरच्या १११ पेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते. ट्रॅकवर तुम्ही महिन्यातून एखादा दिवस जात असाल; ७२ अंशांवर गाडी रोज चालते. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, त्यातले थोडे पिस्टनच्या रिंगांना चुकवून ऑइलमध्ये उतरते, आणि थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात त्याच्याबरोबर न जळलेले पेट्रोलही उतरते. ऑइल ९०-१०० अंशांवर बराच वेळ राहिले की ही घाण वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघून जाते. ७२ वर ती साचत राहते. ऑइल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तिथे सायीसारखा फिकट, चिकट थर दिसला, तर पाणी साचते आहे. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोलही साचते आहे, आणि असे पातळ झालेले ऑइल घेऊन तुम्ही ट्रॅकवर जाता.

याचे कारण सरळ आहे. तुमच्या कूलरच्या जोडणीत थर्मोस्टॅट नाही, असे तुमच्या आकड्यांवरून दिसते. फिल्टरखाली बसणारी जोडपट्टी थर्मोस्टॅटसह मिळते. ऑइल साधारण ८०-९० अंशांपर्यंत पोहोचेतो ती बहुतांश ऑइल कूलरकडे जाऊच देत नाही. थोडेसे ऑइल तिच्यातून सतत झिरपू दिलेले असते, म्हणजे कूलरमध्ये गारठलेले ऑइल नंतर एकदम इंजिनात येत नाही. तो दोष समजू नका. ही पट्टी बसवा, आणि तरीही थंडीत ऑइल ८५ च्या खाली रेंगाळत असेल, तर रोजच्या वापरापुरता कूलरचा काही भाग झाकून ठेवा.

कूलंटच्या थर्मोस्टॅटबद्दल तुमचे मित्र सांगतात ते मात्र सपशेल चुकीचे आहे. थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो याचा रेडिएटरच्या ताकदीशी संबंध नसतो. ८८ ला उघडू लागणारा थर्मोस्टॅट शंभरच्या आसपास पूर्ण उघडतो, ७१ चा त्याआधी उघडतो; १११ ला दोन्ही सताड उघडेच असतात. ७१ च्या थर्मोस्टॅटमुळे ट्रॅकवर फार तर पहिली एक-दोन मिनिटे वाढवून मिळतात. बदल्यात रस्त्यावर इंजिन थंड राहते, ईसीयू त्याला अजून तापलेले नाही असे समजून जादा पेट्रोल देऊ शकतो, आणि ते पेट्रोल वर सांगितल्याप्रमाणे ऑइलमध्ये उतरते. तुमच्या ७२ अंशांमध्ये या थर्मोस्टॅटचाही वाटा आहे. तो काढून मूळचा लावा. काही नव्या इंजिनांत थर्मोस्टॅटला विजेने तापवणारी सोय असते आणि हलक्या भारावर कूलंट मुद्दाम १०५ च्या आसपास ठेवले जाते, भार वाढला की खाली आणले जाते. तुमचे इंजिन तसे असेल तर ती पातळी रिमॅपमधून खाली आणता येते आणि सुटा भाग बदलण्याची गरजच पडत नाही.

थर्मोस्टॅट अजिबात काढून टाकणे त्याहून वाईट. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरकडची वाट उघडते, आणि त्याच वेळी दुसरी रेडिएटरला वळसा घालणारी आतली वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती आतली वाट कायमची उघडी राहते आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरचे तोंडही न पाहता इंजिनात परततो. थंड करायला म्हणून केलेल्या कामाने इंजिन अधिक तापते.

ऑइल आणि कूलंट यांच्या उष्णतेचे उगम वेगळे आहेत, आणि ते ओळखले तर ट्रॅकवर बसल्या जागी निदान करता येते. कूलंटला उष्णता मिळते ती ज्वलनकक्षाच्या भिंतींकडून आणि एक्झॉस्टच्या वाटेकडून, म्हणजे किती पेट्रोल जळते यावर ती अवलंबून असते. ऑइलला ती मिळते पिस्टनच्या पोटावर मारलेल्या फवाऱ्यातून, टर्बोच्या बेअरिंगमधून आणि क्रँकच्या बेअरिंगांत स्वतःच्याच घर्षणातून, आणि हे शेवटचे आरपीएमबरोबर झपाट्याने वाढते. तेव्हा एका सत्रात जिथे शक्य तिथे एक गिअर वर ठेवून चालवून पाहा. टर्बोच्या गाडीत फेरीची वेळ फारशी बिघडत नाही, आणि ऑइल मात्र लक्षात येण्याइतके उतरते. कूलंट त्यामानाने जागचे हलले नाही, तर हवेचा प्रश्न शिल्लक आहे असे समजा.

नोंद ठेवताना शिखराच्या आकड्यापेक्षा चढ पाहा. प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी, समजा मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी, चार आकडे नोंदवा: कूलंट, ऑइल, ऑइलचा दाब आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान. कूलंट १०३, १०७, १०९, १०९ असे गेले, तर व्यवस्था तोल साधते आहे आणि आकडा थोडा उंच असला तरी गाडी सुरक्षित आहे. १०१, १०५, १०९, ११३ असे दर फेरीला सारखेच चढत असेल, तर ती तोल साधतच नाही, मग चौथ्या फेरीचा आकडा कितीही सौम्य दिसो. इंटरकूलरनंतरची हवाही फेरीगणिक तापत असेल, तर ईसीयू इग्निशनचे टायमिंग मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, एक्झॉस्ट तापतो आणि हेडमधली उष्णता पुन्हा कूलंटमध्ये येते. अशा वेळी ट्यूनरकडून टायमिंग आणि मिश्रणाची नोंद मागवा. मागे ओढलेले टायमिंग कोणताही रेडिएटर भरून काढू शकत नाही.

गाडीच्या मूळ काट्यावर विसंबू नका. कूलंट साधारण ७५ पासून ११० पर्यंत कुठेही असले तरी तो काटा मधोमध स्थिर दाखवण्याची सोय अनेक गाड्यांत असते, कारण हलणारा काटा पाहून ग्राहक घाबरतात. वेगळा सेन्सर लावतानाही जागा पाहावी लागते. ऑइलचा सेन्सर इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये आहे, फिल्टरपाशी कूलरच्या आधी आहे की नंतर, यावर आकड्यात दहा-वीस अंशांचा फरक पडू शकतो. तुमचे १३८ आणि ११८ एकाच जागी मोजलेले आहेत ना, हे तपासा. कूलर बसवताना सेन्सर कूलरच्या परतीच्या बाजूला गेला असेल, तर वीस अंशांतले काही अंश फक्त कागदावर उतरले आहेत.

सेन्सरवरून माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या गाडीत ट्रॅकवर कूलंट १०६ ला टेकले आणि पुढच्याच वळणावर काटा भराभर खाली येऊन ८० वर थांबला. पंखा लागला असेल, असे समजून मी खूश होऊन आणखी अर्धी फेरी मारली. खालचा होज क्लॅम्पमधून निसटला होता, कूलंट ट्रॅकवर सांडले होते आणि सेन्सर कोरड्या हवेत लोंबत होता. द्रवात बुडालेला नसला की तो जवळच्या हवेचे तापमान सांगतो, धातूचे नाही. हेड गेले. तेव्हापासून माझ्या गाडीत कूलंटच्या दाबाचा सेन्सर असतो. तापमान आणि दाब दोन्ही एकदम पडले तर इंजिन त्याच जागी बंद करायचे. इतर वेळी मात्र उलटे करा: कूलंट १०८ दिसताच अक्सिलरेटर सोडून वरच्या गिअरमध्ये एक फेरी शांत मारा, पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहू नका, हीटर पूर्ण उघडा, आणि थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. पंप थांबला की हेडमधली उष्णता साचलेल्या कूलंटमध्येच उतरते आणि टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल जळून कोळसा होते.

रेडिएटर बदलण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. झाकण छापलेला दाब खरोखर धरते का हे दाबयंत्रावर पाहा, कारण थकलेले झाकण उत्कलनबिंदू खाली आणते. काम करताना कूलंट काढून भरले असणार, तेव्हा हवा पूर्ण काढली आहे का पाहा. आणि इतके करूनही कूलंट वरच्या टाकीत ढकलले जात असेल, तर हेड गास्केटमधून ज्वलनाचे वायू शिरत आहेत का, याची रसायनाने रंग बदलणारी चाचणी करून घ्या. मिश्रणाबाबत म्हणाल, तर एका किलो पाण्याला एक अंश तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात आणि अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाला साधारण ३.५, म्हणून जिथे पाणी गोठत नाही तिथे ग्लायकॉल ३० टक्क्यांपर्यंत कमी करून बाकी डिस्टिल्ड वॉटर घालणे फायद्याचे ठरते. उकळण्याचा बिंदू थोडा खाली येतो, हे मात्र लक्षात ठेवा. शुद्ध पाणी चालवू नका. गंजरोधक ग्लायकॉलबरोबर येतात. कित्येक शर्यतींत सांडलेले ग्लायकॉल निसरडे म्हणून त्यावर बंदी असते, तिथे पाणी आणि वेगळे गंजरोधक वापरावे.

राहिले २०डब्ल्यू-६०. ११८ अंशांना त्याची गरज नाही. १०० अंशांना ४० ग्रेडच्या ऑइलची स्निग्धता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्स असते, ६० ग्रेडची २१.९ च्या पुढे. इतके दाट ऑइल बेअरिंगमध्ये स्वतःच जादा घर्षण करते, म्हणजे तुम्ही उष्णता विकत घेता, आणि थंड इंजिन सुरू करताना ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. डब्यावर पाहायचा आकडा वेगळा आहे: १५० अंशांना, जोराच्या घर्षणाखाली मोजलेली स्निग्धता, जिला एचटीएचएस म्हणतात. ती ३.५ किंवा अधिक असलेले चांगले ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घाला आणि गरम ऑइलचा दाब नोंदवा. ढोबळ मानाने दर हजार आरपीएमला ०.७ बार मिळत असतील, तर तिथेच थांबा. ११८-१२० अंशांवर दाब त्याखाली पडत असेल, तरच ५० ग्रेडचा विचार करा, पण त्याआधी ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेले नाही याची प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या. ७२ अंशांवर महिनोन्‌महिने चाललेल्या ऑइलबाबत माझा पहिला संशय तोच आहे. सध्याचे ऑइल ट्रॅकच्या पुढच्या दिवसाआधी काढा, त्याचा नमुना त्याच वेळी बाटलीत घ्या, आणि नवे भरताना पातळी वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नका. जादा ऑइल क्रँकच्या फटकाऱ्यात सापडून फेसाळते, आणि फेसाळ ऑइल ना थंड होते ना दाब धरते.